अनाहत नाद : साधनेची खूण की कानाचा आवाज?

मूळ मत (रामबाग, इंदूर)

माळव्यात तंबुऱ्यावर कबीर गाणाऱ्या खेडुतालाही 'अनहद', म्हणजे कोणत्याही आघाताशिवाय आतून ऐकू येणारा अनाहत नाद, हा शब्द नवा नसतो, पण आपल्या सुशिक्षित मराठी घरांत विषय निघाला की एक तर भक्तिभावाने मान डोलावली जाते, नाही तर 'कानाचा विकार' म्हणून तो तिथेच मिटवला जातो. मला दोन्ही मान्य नाही. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिका या योगग्रंथाच्या चौथ्या उपदेशात (अध्यायात) नादानुसंधानाचा, म्हणजे या नादावर मन लावण्याचा, क्रम दिला आहे : आरंभी समुद्र, मेघ, भेरी यांच्यासारखे मोठे ध्वनी, मध्यावर मर्दल (मृदंगासारखे वाद्य), शंख, घंटा, आणि शेवटी किंकिणी (लहान घुंगरू), वेणू, वीणा व भ्रमर. स्थूलाकडून सूक्ष्माकडे जाणारी ही चढण प्रत्यक्ष अनुभवाशिवाय कोणी लिहिली असेल, असे मला वाटत नाही. पहाटे बसल्यावर मलाही उजव्या बाजूस रातकिड्यांसारखा बारीक, अखंड स्वर ऐकू येतो आणि लक्ष त्यात मुरले की विचारांची गर्दी ओसरते. याला केवळ शरीराची कुरकुर म्हणणे हा साधकावर अन्याय आहे.

प्रतिसाद (कान-नाक-घसा तज्ज्ञ, पलासिया)

आपला अनुभव मी नाकारत नाही, त्याचा अर्थ मला मान्य नाही. १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी ऐकू नीट येणाऱ्या ८० प्रौढांना आवाजबंद खोलीत बसवले, तेव्हा त्यांतल्या ९४ टक्के लोकांना कोणता ना कोणता आवाज ऐकू आला आणि त्यांतले कोणीही त्यासाठी साधना करत नव्हते. नाद ऐकण्यासाठी अंगठ्यांनी कान बंद केल्यावर जो मेघांसारखा घरघराट येतो, त्यात हाताच्या स्नायूंच्या थरथरीचा मोठा वाटा असतो. अंतःकर्णातील आवाज टिपणाऱ्या केशपेशी झिजल्या की मेंदूकडे जाणारा संदेश क्षीण होतो, ती उणीव भरून काढण्यासाठी मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि बारीक शिटी ऐकू येऊ लागते, असे आज मानले जाते.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. नाद उजव्या कानात ऐकावा, असे हठप्रदीपिका सांगते. आमचे शास्त्र सांगते की एकाच कानात सतत आवाज येत असेल, तर तपासणी टाळू नये. माझ्या नात्यातील एका वृद्ध गृहस्थांना त्यांच्या मार्गदर्शकांनी 'प्रगती होत आहे' असे सांगितले आणि ते तपासणीला आले, तोवर त्या कानाचे ऐकणे बरेच गेले होते. त्याची जबाबदारी कोणी घेतली नाही.

प्रतिसाद (गायन शिकवणाऱ्या बाई, स्नेहलतागंज)

तंबोरा नीट जुळला आणि जवारी (घोडीवर तारेला येणारा झंकार) बसली की खर्जाच्या, म्हणजे खालच्या 'सा'च्या, तारेतून गंधार ('ग') उमटतो, जो कोणीही छेडलेला नसतो. नव्या विद्यार्थ्याला तो ऐकू येत नाही. मी तार छेडत राहते, तोच स्वर हलकेच गुणगुणते आणि काही दिवसांनी त्याचा चेहरा उजळतो. तो स्वर तारेच्या कंपनात आधीपासूनच असतो, म्हणून ऐकण्याची सवय झाली की माणसाला असलेलेच अधिक ऐकू येऊ लागते, हे मी छातीठोकपणे सांगते. मात्र माझा गंधार दुसऱ्याला ऐकवता येतो आणि आपला नाद ऐकवता येत नाही, हा फरकही मी लपवणार नाही. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात अनाहत नादाला मुक्ती देणारा म्हटले, पण तो लोकांचे रंजन करत नाही हेही नोंदवले. म्हणूनच त्याच्या गोडव्याची जाहिरात करणाऱ्यांविषयी मला शंका येते.

मूळ मतकर्त्याचे उत्तर

डॉक्टरसाहेब, श्रवणचाचणी मी अवश्य करून घेईन, आणि आजाराला प्रगती म्हणणाऱ्या मार्गदर्शकाचा दोष आपल्याइतकाच मलाही गंभीर वाटतो. पण आवाज कुठून येतो हे कळल्याने त्यावर मन टिकवण्याचे मोल कमी होत नाही. श्वासही फुप्फुसांतूनच येतो, म्हणून प्राणायाम कोणी मोडीत काढत नाही. आपले ते ८० जण आवाज ऐकून आपापल्या घरी गेले, साधक मात्र रोज त्याच आवाजाशी बसतो. शिवाय हठप्रदीपिकाच पुढे म्हणते की शब्द (ध्वनी) आहे तोवर आकाशाची कल्पना आहे आणि जे निःशब्द तेच परब्रह्म. म्हणजे हा नादही सोडूनच द्यायचा आहे, आणि ते मला अजून साधलेले नाही.