एकाच ओळीतला मका कुठे गुडघाभर, कुठे वीतभर: मुळांना सगळीकडे सारखे अन्न न मिळाल्याने असे होते का?

प्रश्न: वावर_मका, कळमेश्वर तालुका, जि. नागपूर

नमस्कार. आमच्या दोन एकर भारी काळ्या जमिनीत नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मका पेरला. पीक आता चाळीस दिवसांचे आहे. वाण एक, पेरणीचा दिवस एक, पाण्याची पाळीही एकच. तरी काही ठिकाणी झाडे गुडघ्याच्या वर गेली आहेत आणि चार पावलांवर वीतभरच राहून खालच्या पानांच्या कडांना जांभळी पडली आहेत. गेल्या उन्हाळ्यात वावर सपाट करून घेतले, तेव्हा उत्तरेच्या धुऱ्याकडची (बांधाकडची) वरची माती ओढली गेली आणि तिथे चुनखडीचे खडे वर आले. त्यानंतर बंडीने शेणखत आणून ढीग टाकले, पण पाऊस तोंडावर आल्याने ते नीट पसरता आले नाहीत. पेरणीपूर्वी एकरी एक गोणी डीएपी (नत्र म्हणजे नायट्रोजन आणि स्फुरद म्हणजे फॉस्फरस देणारे खत) हाताने फेकून वखराने मिसळले.

काल अशाच एका जुन्या ढिगाच्या कडेचे झाड ढेकळासकट खणून काढले, रात्रभर बादलीत भिजत ठेवले आणि सकाळी हळूहळू धुतले. ढिगाच्या बाजूला आखूड, पांढऱ्या, केसासारख्या मुळांचा इतका दाट झुबका होता की त्यातली माती सुटत नव्हती. दुसऱ्या बाजूला दोन-तीन लांब मुळे होती आणि त्यांना फुटवे जवळजवळ नव्हतेच. झाड मुळे अशी एका बाजूला का वाढवते, आणि एका बाजूचे अन्न साऱ्या झाडाला पुरते का?

उत्तर १: मृदा_अभ्यासक, नागपूर

आपण झाड ओढून न काढता ढेकळासकट काढून धुतले, म्हणूनच हे दिसले. उपटले असते तर तो झुबका मातीतच तुटून राहिला असता.

मुळाला दूरच्या खताचा वास येत नाही. मूळ वाढता वाढता नत्र किंवा स्फुरद मुबलक असलेल्या जागी पोचले, की तेवढ्याच भागात त्याला उपमुळे दाट फुटतात. ड्र्यू या शास्त्रज्ञाने 1975 मध्ये जवाच्या रोपांवर हे फार स्वच्छपणे दाखवले होते: मुळाच्या मधल्याच टप्प्याला नायट्रेट, अमोनियम (ही नत्राचीच दोन रूपे) किंवा स्फुरद भरपूर दिले, तर उपमुळांची गर्दी त्याच टप्प्यात झाली, पालाशने (पोटॅशियमने) मात्र तसे झाले नाही. मक्यातही हाच स्वभाव आढळतो, आणि स्फुरदाबरोबर अमोनियमरूपी नत्र एकाच जागी असेल तर तो अधिक ठळक होतो. मुळे अमोनियम शोषताना आपल्याभोवतीची माती थोडी आम्लधर्मी करतात, आणि आपल्याकडच्या चुनखडीयुक्त, आठच्या आसपास सामू (पीएच) असलेल्या जमिनीत त्यामुळे चुन्याने बांधून ठेवलेला थोडा स्फुरद मोकळा होतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: पुष्कळ अंशी पुरते, पण सगळ्याच झाडांना नाही. नत्र आणि स्फुरद झाडाच्या आत फिरतात, म्हणून एका बाजूची मुळे जास्त शोषून दुसरी बाजू भरून काढू शकतात. कॅल्शियम तसे फिरत नाही. ते प्रत्येक वाढत्या मूळटोकाला तिथल्या तिथेच मिळावे लागते, आणि आपल्या जमिनीत त्याची कमतरता नाही. खरी अडचण ढिगापासून दूरच्या झाडांची आहे. नायट्रेट पाण्याबरोबर मुळापर्यंत येते, पण स्फुरद मातीत काही मिलिमीटरच सरकतो. ज्या रोपाचे मूळ त्या जागेपर्यंत पोचलेच नाही, त्याच्यासाठी वीतभर अंतरावरचे शेणखत नसल्यासारखेच. मागे पडलेल्या रोपावर शेजारच्या उंच झाडांची सावली पडते आणि तफावत दर आठवड्याला वाढत जाते.

उत्तर २: धुरा_कट्टा, रामटेक

वरील विवेचन पटते, तरी एक शंका मांडतो. रब्बीत, डिसेंबरच्या थंडीत मक्याची पाने स्फुरद पुरेसा असतानाही जांभळी पडतात, कारण थंड मातीत मुळांची वाढ मंदावते. आपल्याकडे जांभळेपणा सगळ्या वावरात आहे की ठरावीक जागीच? शिवाय धुऱ्याकडच्या भागात कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना फिकट पांढरे पट्टे दिसतात का, ते पाहावे. दिसत असतील तर स्फुरदाबरोबर जस्ताचीही कमतरता आहे, कारण चुनखडी वर आलेल्या मातीत जस्त पिकाला मिळत नाही.

वावर_मका

जांभळी झाडे ठरावीक जागीच आहेत. ढिगांच्या जागी एकही नाही. पांढरे पट्टे धुऱ्याच्या बाजूच्या आठ-दहा ओळींत आहेत, इतरत्र नाहीत. आपण विचारेपर्यंत मी ते पाण्याच्या ताणाचे समजत होतो. मृदा आरोग्य पत्रिकेत (माती तपासणीच्या सरकारी अहवालात) मात्र आमच्या जमिनीत स्फुरद मध्यम असल्याचे लिहिले आहे.

उत्तर ३: मृदा_अभ्यासक

पत्रिका चुकीची ठरत नाही, पण बागायती क्षेत्रात एक नमुना साधारण अडीच हेक्टरांच्या चौकटीसाठी घेतला जातो. आपले पूर्ण वावर त्यात सामावते. ढिगाची माती आणि चुनखडीची माती एकत्र झाली की उत्तर मध्यमच येणार. काढणीनंतर ढिगांची जागा, धुऱ्याची बाजू आणि उरलेले वावर असे तीन नमुने वेगळे काढावेत.

उभ्या पिकात वरून डीएपी फेकू नये. ते वरच्या कोरड्या थरात पडून राहील. पट्टे असलेल्या ओळींवर दहा लिटर पाण्यात 50 ग्रॅम झिंक सल्फेट आणि 25 ग्रॅम चुना अशी फवारणी करावी. दोन टक्के डीएपीची फवारणी करायची असल्यास ती स्वतंत्र दिवशी करावी. स्फुरद आणि जस्त एकाच टाकीत मिसळल्यास साका होऊन दोन्ही वाया जातात. राहिलेला युरिया ओळीपासून चार बोटे दूर चर काढून द्यावा, मातीने झाकावा आणि लगेच पाणी सोडावे. पुढच्या पेरणीला डीएपी फेकण्याऐवजी बियाण्याच्या बाजूला दोन इंच आणि खाली दोन इंच पडेल असे पेरून द्यावे. बियाण्याला चिकटून मात्र देऊ नये, कारण त्यातून निघणाऱ्या अमोनियाने कोवळा मोड जळतो. त्या अंतरावर ओळीतल्या प्रत्येक रोपाचे पहिलेच मूळ खतापर्यंत पोचते.