ल्युबिप्रोस्टोनची कॅप्सूल उपाशी पोटी घेतली अन् छातीत दाटून आलं, बंद करू का?

अमळनेरची_लेक
नमस्कार मंडळी, वय 41, माहेर अमळनेर, सासर पारोळ्याकडे. पोटाचं रडगाणं कॉलेजपासून चालू आहे, चार-चार दिवस होत नाही, झाली तर शेळीच्या लेंड्या, अन् तोवर मुरडा येतो, पोट असं डब्ब फुगतं की साडीची गाठ सैल करावी लागते. एकदा मोकळं झालं की दुखणं उतरतं. सासूबाईंचं एरंडेल झालं, सोनामुखीचं चूर्ण झालं, शेवटी धुळ्याला पोटाच्या डॉक्टरांना दाखवलं. रक्त, थायरॉइड, सोनोग्राफी सगळं करून त्यांनी आयबीएस सांगितलं, म्हणजे आतड्याच्या कामाचा जुनाट बिघाड, बद्धकोष्ठतावालं, अन् ल्युबिप्रोस्टोन लिहून दिलं सकाळ-संध्याकाळ.

आता माझा शहाणपणा ऐका. मला वाटलं पोटाची गोळी म्हणजे अॅसिडिटीच्या गोळीसारखी अनुशापोटीच घ्यायची असेल. सकाळी साडेसहाला नुसत्या पाण्यासोबत घेतली, सोबत रोजची बीपीची. चहाला आधण येईपर्यंत अशी मळमळ सुटली की ओटा धरून उभी राहिले, मग छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं, श्वासच पुरेना. दहा वाजेपर्यंत आपोआप गेलं पण दुपारी तीनदा पातळ झाली. तेव्हापासून घेतली नाही, आज तिसरा दिवस.

काल मिस्टरांनी पट्टी पाहिली, तिच्यावर 24 मायक्रोग्रॅम अन् चिठ्ठीवर 8. मेडिकलवाल्याला फोन केला तर म्हणे "औषध तेच आहे ताई, 8 ची संपलेली होती." मिस्टर म्हणतात कॅप्सूल सुईने टोचून थोडी थोडी घे 😐 वरून नणंदेची मुलगी अमेरिकेहून आली आहे, तिने तिच्या लिनाक्लोटाईड 290 च्या (बद्धकोष्ठतेचंच दुसरं औषध) दहा-बारा कॅप्सूल पिशवीत बांधून दिल्या, "मामी मला हीच लागू पडली." परवा आखाजी (अक्षय्य तृतीया), घरात पुरण शिजून राहिलं. सांगा काय करू.

तापीकाठचा_पाटील
ताई ते सगळं सोडा. रात्री कोमट दुधात तूप, सकाळी तांब्याभर पाणी. आमचे आजोबा शेवटपर्यंत असेच, दवाखान्याची पायरी नाही चढले. या गोळ्यांनी आतडं आळशी होतं.

काउंटरच्या_मागे
भुसावळला मेडिकलच्या काउंटरवर 19 वर्षं झाली, म्हणून थोडं लांबतं, वाचा.

ताई, आधी ती पट्टी बाजूला ठेवा, फेकू नका, चिठ्ठी अन् बिल तिच्यासोबत ठेवा. "औषध तेच आहे" हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात वाईट वाक्य आहे. ल्युबिप्रोस्टोन 8 मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा हा बायकांच्या बद्धकोष्ठतावाल्या आयबीएसचा डोस, अन् 24 दोनदा हा जुनाट बद्धकोष्ठतेचा. म्हणजे तुम्हाला दिवसाला 16 पाहिजे होतं तिथे 48 पडलं असतं. पट्टी बदलली तर डॉक्टरांना विचारून बदलायची, स्टॉक संपला म्हणून नाही.

दुसरं, हे औषध जेवणासोबत अन् भरपूर पाण्यासोबत घ्यायचं असतं, त्याने मळमळ कमी होते. कॅप्सूल आख्खी गिळायची. आतमध्ये पातळ द्रव असतो, सुईने टोचून किती आलं हे मोजणार कसं? मिस्टरांना सांगा सुई गोधडीसाठी ठेवा.

तुमचं छातीत दाटणं मात्र हसण्यावारी नेऊ नका. या औषधाने काहींना पहिल्या डोसनंतर अर्ध्या-एक तासात श्वास अडकल्यासारखा होतो, काही तासांत जातो, पण पुढच्या डोसला परत येऊ शकतो. चक्कर येऊन बीपी पडलेलेही पेशंट असतात, अन् बीपीची गोळी चालू असेल, जुलाब झाले असतील तर ती शक्यता अजून वाढते. म्हणून आपल्या मनाने 8 ची सुद्धा सुरू करू नका, डॉक्टरांना फोन करून हेच शब्द सांगा: छातीत दाटलं, तीनदा पातळ झाली, बीपीची गोळी चालू आहे. बीपीची मात्र बंद करू नका. परत श्वास लागला, चेहरा सुजला किंवा भोवळ आली तर फोन करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

आता भाचीची पिशवी. लिनाक्लोटाईडचं गणित उलटं, ती दिवसातून एकदाच, उपाशी पोटी, सकाळच्या पहिल्या खाण्याच्या निदान 30 मिनिटं आधी. तेलातुपाचं खाल्ल्यावर घेतली तर जुलाब जास्त. आखाजीच्या पोळीवर दोन चमचे तूप घेऊन वर ती गिळली तर काय होईल ते मी लिहीत नाही 🙏 दोन्ही एकत्र तर अजिबात नको. शिवाय त्या कॅप्सूलला ओलावा चालत नाही, मूळ डबीतच ओलावा शोषणाऱ्या पुडीसकट ठेवायच्या असतात. अन् घरात लहान मुलं असतील तर ती पिशवी आजच परत करा, लेकरांच्या अंगातलं पाणी हे औषध फार पटकन काढतं.

शहाद्याची_वहिनी
माय वं, ताई तुमचं वाचून मला माझाच पहिला आठवडा आठवला. मला 8 ची चालू आहे दीड वर्षापासून. चहा-खारीसोबत घेतली की मळमळ, भाकरी-भाजीसोबत घेतली की काही नाही, हे मला तीन आठवड्यांनी कळलं 😅

एक चूक तुम्ही करू नका. दोंडाईचाला भावाच्या लग्नात सकाळची राहिली म्हणून संध्याकाळी दोन एकदम घेतल्या, अख्खी हळद मी बाथरूममधून ऐकली. राहिली तर राहिली, पुढची वेळ आल्यावर एकच घ्यायची. अन् आपल्याकडचा उन्हाळा धरून चाला, पारा 43-44 वर जातो, त्यात जुलाब लागले तर माणूस बसल्या जागी गळतो. मला डॉक्टरांनी सांगितलंय जुलाब जोराचे लागले की डोस थांबव, ओआरएस घे, फोन कर. चूर्ण, एरंडेल यासोबत चालू ठेवू नका, सासूबाई कितीही म्हणोत. इसबगोल घेत असाल तर पेलाभर पाणी पाहिजेच, अन् बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब.

आणखी एक, रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या खाता का? त्यांनी पण पोट कडक होतं. डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवा, कॅल्शियम अन् आयुर्वेदिकच्या सुद्धा.

काउंटरच्या_मागे
+1. अन् पाटील दादा, तूप-पाण्याला माझा विरोध नाही, पण ताईंना वीस वर्षांचं दुखणं आहे, त्यांनी ते करून पाहिलं असेलच ना.

तापीकाठचा_पाटील
बरोबर आहे भाऊ, ताई माफ करा. खरं सांगू का, मी स्वतः दोन महिन्यांपासून तूप-पाणी घेऊन राहिलो. वय 56. आधी घड्याळ लावून घ्यावं असं पोट होतं, आता कुंथावं लागतं, मधून मधून लाल पडतं. मुळव्याध असेल म्हणून गप्प आहे, सांगायचं कोणाला. मला पण ही 8 वाली चालेल का?

काउंटरच्या_मागे
दादा नाही. पन्नाशीनंतर पोटाची सवय एकाएकी बदलली अन् रक्त पडतंय, तर आधी तपासणी, मग औषध. आयबीएसमध्ये रक्त पडत नाही. मुळव्याध निघेलही, पण ते डॉक्टरांनी बघून सांगायचं, तुम्ही-मी नाही. आत कुठे अडथळा असेल तर या गोळ्या द्यायच्याच नसतात. वजन उतरलंय का?

तापीकाठचा_पाटील
पॅन्ट सैल होते हे खरं. उन्हामुळे असेल म्हटलं.

शहाद्याची_वहिनी
दादा उन्हाने पॅन्ट सैल नाही होत. या आठवड्यात जा. लाजू नका.

अमळनेरची_लेक
सगळ्यांचे आभार, चार दिवसांनी लिहून राहिले. त्याच दिवशी फोन केला, डॉक्टर 24 ऐकून आधी गप्प झाले, मग पट्टी घेऊनच या म्हणाले. बीपी, छातीची पट्टी (ईसीजी) सगळं बघितलं, ठीक निघालं. 8 ची दिली, पहिली रात्रीच्या जेवणात, घरात कोणी असताना. मी पहिला घास घेतला तेव्हापासून मिस्टर बीपीचं मशीन घेऊन समोर बसले, दर दहा मिनिटांनी दंडाला पट्टा, शेवटी मीच म्हटलं आता सुई पण आणा. थोडं मळमळलं, श्वासाचं काही नाही. काल सकाळी कुंथल्याशिवाय झाली, एवढंच लिहिते 🙈

भाचीची पिशवी परत केली, ती रुसली आहे. मेडिकलवाल्याने पैसे दिले पण चूक कबूल नाही केली. आखाजीला दोन पोळ्या खाल्ल्या, तिसरी मिस्टरांच्या ताटात सरकवली.

पाटील दादा, गेलात का तुम्ही?

तापीकाठचा_पाटील
बुधवारी दुर्बिणीची तपासणी शे, जळगावले. बायकोला आज सांगितलं.