शब्दचर्चा: ‘सेक्स थेरपी’ला मराठीत काय म्हणावं?

सुईदोरा:
एका दवाखान्यासाठी चार पानी पत्रक मराठीत करतेय. सेक्स थेरपी म्हणजे काय, आणि कुणी जावं. मी ‘लैंगिक उपचार’ असं केलं. खर्डा शेजारच्या काकूंना वाचायला दिला, त्या माझ्या कायमच्या पहिल्या वाचक. शीर्षक वाचूनच त्यांनी कागद पालथा ठेवला. "अगं, गुप्तरोगाचं कशाला घेतलंस?" पत्रकात रोगाचं नावही नाही! समुपदेशकासमोर बसून बोलायचं, घरी करायचे सराव घेऊन यायचं. तिथे कपडे उतरवणं नाही, अंगाला हात लावणं नाही. मग शब्द कुठे चुकला?

खडूस_पुणेकर:
‘लैंगिक’पाशीच चुकला. लिंग म्हणजे मुळात खूण. व्याकरणात तीन लिंगं, देवळात शिवलिंग, सोनोग्राफीच्या दारावर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’. इतकी ओझी वाहणाऱ्या शब्दावर अजून एक कशाला? आपल्याकडे ‘काम’ आहे, चार पुरुषार्थांतला तिसरा. ‘कामोपचार’ म्हणा.

वऱ्हाडी_ठेचा:
आमच्याकडे विचारतीन, भाऊ, काम कुठं निघालं? रोजगार हमीचं हाये का?

लातूरकर_डॉक्टरीण:
वीस वर्षं जनरल प्रॅक्टिस आहे. पेशंट यातला एकही शब्द वापरत नाहीत. ‘जमत नाही’, ‘मालक जवळ येत नाहीत’, ‘तसलं नको वाटतंय’. सगळी क्रियापदं, नाम कुणीच घेत नाही. सुरुवातीला मी शहाण्यासारखी विचारायची, "संबंध येतो का?" एक बाई म्हणाली, "येतो की, दिवाळीला भाऊ न्यायला येतोय."
लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही म्हणून सासूनं आणलेलं. हळूहळू बोलती झाली. समागम एकदाही झाला नव्हता. नवरा जवळ आला की योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जायचे, तिच्या हातात काही नव्हतं. व्हजायनिस्मस. मराठी शब्द असेल, मी कधी उच्चारलेला नाही. "अंग आवळून घेतंय का?" म्हटलं की बाई मान डोलावते.

रिकामटेकडा:
पण यात थेरपी कसली? नुसत्या गप्पा. मालिशवालेही पाटीवर थेरपीच लिहितात.

सुईदोरा:
गप्पा नाहीत, गृहपाठ असतो. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीनं 1970च्या पुस्तकात मांडलेली पद्धत अजून वापरतात. सुरुवातीला समागमाला चक्क बंदी! आळीपाळीनं एकमेकांना नुसता स्पर्श करायचा, तोही आधी ‘ते’ अवयव सोडून. परीक्षाच रद्द झाल्यावर नापास व्हायची भीती उरत नाही. याला मी ‘स्पर्शसराव’ केलंय. चालेल? खरं तर मला हेच विचारायचंय.

घारापुरी:
स्पर्शसरावचं नंतर बघू. माझा आक्षेप ‘उपचार’ला. षोडशोपचार पूजा आठवा. उपचार म्हणजे सोपस्कार, ‘औपचारिक’ तिथलाच. ‘चिकित्सा’ घ्या.

खडूस_पुणेकर:
चिकित्सक माणूस म्हणजे पोह्यातसुद्धा खोट काढणारा. तो नेमका बेडरूममध्ये नको.

वऱ्हाडी_ठेचा:
राहू द्या ना मग सेक्स थेरपीच. फिजिओथेरपीले कोण काय म्हणते?

खडूस_पुणेकर:
म्हणजे शरणागती! र. धों. कर्व्यांनी 1927पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचकांच्या असल्याच प्रश्नांना मराठीत उत्तरं दिली. त्या उत्तरांवरून 1934मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. त्यांचं इंग्रजीवाचून अडलं नाही.

लातूरकर_डॉक्टरीण:
कर्वे किती जणांनी वाचले? माझ्या पेशंटना शब्द शिकवले भिंतीवरच्या जाहिरातींनी. ‘स्वप्नदोष’ घ्या. झोपेत वीर्य जाणं नैसर्गिक, पण शब्दानंच ‘दोष’ लावला. ‘धातू जातोय’ म्हणून खंगलेली धडधाकट पोरं अजून येतात. मानसोपचारात त्याला ‘धात सिंड्रोम’ म्हणतात, डॉ. विग यांनी 1960 साली दिलेलं नाव. आपला धातू इंग्रजी पुस्तकात जाऊन बसला, आणि तुम्ही इथे उलटा प्रवास अडवताय!
आणि सुईदोरा, पत्रकात ‘आधी डॉक्टरांना दाखवा’ हे ठळक टाक. ताठरता जाण्यामागे मधुमेह निघतो, कधी चालू गोळ्या असतात. ते तपासून मग थेरपी. बायपासनंतर धास्तावलेले, बाळंतपणानंतर दुखणाऱ्या, स्तनाच्या ऑपरेशननंतर नवऱ्यासमोर दिवा न लावणाऱ्या, या सगळ्यांना उपयोग होतो. ‘नवरा-बायको’ असंही लिहू नकोस, ‘जोडीदार’ लिही. एकट्यानं गेलं तरी चालतं.

घारापुरी:
आयुर्वेदाच्या आठ अंगांत ‘वाजीकरण’ आहेच की! वाजी म्हणजे घोडा. आमचे आजोबा सांगत, ‘बाजी’ हे नावही त्यातूनच आलं.

रिकामटेकडा:
बाजी फारसी आहे हो. खेळ, डाव. बाजी मारणे, बाजी पणाला लावणे.

घारापुरी:
म्हणजे बाजीप्रभू म्हणजे खेळप्रभू?

सुईदोरा:
शीर्षकातून सगळंच काढलं. ‘जवळ येताना त्रास होतो? बोलून बघा’ एवढंच ठेवून काकूंना पुन्हा दिलं. चारही पानं वाचली, तिसरं दोनदा. वर म्हणाल्या, "एक कागद इथे राहू दे, टीव्हीखाली." पण दवाखान्याला पाटीवर लिहायला नाव हवंय, आणि उद्या छपाई आहे. ‘स्पर्शसराव’बद्दल कुणी बोलेल का?

खडूस_पुणेकर:
‘त्रास’ नको. वरणात मीठ जास्त पडलं तरी आपल्याला त्रास होतो.

लातूरकर_डॉक्टरीण:
त्रासच ठेव. पेशंट तोच शब्द घेऊन येतात.

रिकामटेकडा:
घारापुरी, हिंदीत बाघ, आपल्याकडे वाघ. हिंदीत बीस, आपल्याकडे वीस. मराठीत ‘व’ टिकतो. मग वाजीचा बाजी मावळात कसा झाला ते सांगा.

घारापुरी:
सांगतो. जेवून येतो.