‘इंटरस्टेलर’ पाहिल्यावर: पाया विज्ञानाचा, मग शेवट कशाचा?

मूळ मत (पणजी)

क्रिस्टोफर नोलन यांचा २०१४ सालचा ‘इंटरस्टेलर’ परवा पणजीत आम्ही काही मित्रांनी पहिल्यांदाच पाहिला आणि मनावरचा ठसा ताजा असतानाच हे लिहीत आहे. १६९ मिनिटांच्या या चित्रपटाचा मोठा भाग मला विलक्षण वाटला. पिके रोगाने नष्ट होत चाललेल्या पृथ्वीवरून कूपर हा वैमानिक मुलीला मागे ठेवून शनीजवळच्या कृमिविवरातून, म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणाऱ्या बोगद्यातून, दुसऱ्या दीर्घिकेत जातो, आणि तिथे गार्गांटुआ या कृष्णविवराजवळच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे ठरतात. तीव्र गुरुत्वाकर्षणात काळ मंदावतो, हे आइन्स्टाइन यांनी दाखवलेच आहे. जीपीएस उपग्रहांच्या घड्याळांत गुरुत्वाकर्षण आणि वेग या दोहोंमुळे रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो व तो दुरुस्त करावा लागतो.

एवढी शिस्त पाळणारा चित्रपट शेवटी मात्र कूपरला कृष्णविवरातून थेट मुलीच्या पुस्तकांच्या फडताळामागे नेऊन सोडतो, आणि तिथून तो तिच्या बालपणात निरोप पाठवतो. काळ ताणला जाईल, आकसेल, पण मागे जाणार नाही, असे याच चित्रपटातली कूपरची सहप्रवासी शास्त्रज्ञ ब्रँड सांगते. मग भूतकाळात निरोप कसा पोहोचतो? शिवाय ज्या भावी मानवांनी कृमिविवर उघडले, ते मुळात त्या कृमिविवरामुळेच वाचलेले आहेत. कार्यकारणभावाची ही गाठ चित्रपट सोडवत नाही. प्रेमाची महती सांगून ती झाकतो.

प्रतिसाद (मडगाव)

आपल्या आक्षेपाशी मी पूर्णपणे असहमत आहे. त्याच प्रसंगात ब्रँड असेही म्हणते, की काळासारखी मिती ओलांडू शकेल ते केवळ गुरुत्वाकर्षण. कूपर स्वतः भूतकाळात परतत नाहीच. तो धुळीच्या रेषा आणि घड्याळाचा काटा यांवर गुरुत्वाकर्षणाने खुणा उमटवतो. नियम आधी सांगून मगच वापरला आहे.

आणि प्रेमाला आपण झाकण का म्हणता? त्या ग्रहावरून परतल्यावर कूपर तेवीस वर्षांचे साठलेले निरोप एका बैठकीत पाहतो, तो प्रसंग मला सहन झाला नाही. माझे वडील तारवटी होते. आमच्या सासष्टीत अशी पुष्कळ घरे आहेत, जिथे बाप बोटीवरून परततो तेव्हा मूल इतके वाढलेले असते की दोघांनाही एकमेकांची नव्याने ओळख करून घ्यावी लागते. सापेक्षतेचे गणित मला समजावून सांगता येणार नाही, परंतु ते कोणाकडून काय हिरावून घेते हे त्या एका प्रसंगाने मला कळले.

प्रतिसाद (फोंडा)

मी भौतिकशास्त्र शिकवतो, आणि मूळ लेखकांनी मानलेली शिस्त मुळातच तितकी कडक नव्हती, असे मला वाटते. या चित्रपटाचे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न, ज्यांना पुढे २०१७ मध्ये गुरुत्वीय लहरींसाठी नोबेल मिळाले, त्यांच्या समीकरणांवरून गार्गांटुआ रेखाटला गेला हे खरे. परंतु एका तासाला सात वर्षे हवी असतील, तर कृष्णविवराने कमाल मर्यादेच्या अगदी जवळच्या वेगाने फिरायला हवे. चित्र काढताना मात्र हा वेग बराच कमी धरला गेला. कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तेजोमय चकतीची आपल्याकडे येणारी बाजू अधिक प्रखर दिसायला हवी, तेही प्रेक्षक गोंधळतील म्हणून वगळले. २०१९ मध्ये एम८७ दीर्घिकेतील कृष्णविवराची जी प्रतिमा प्रसिद्ध झाली, तिच्यातले कडे एका बाजूला स्पष्टपणे उजळ आहे. तडजोड शेवटी सुरू झालेली नाही.

मूळ लेखक

फोंड्याच्या सरांचे तपशील मोलाचे आहेत, पण दोन्ही तडजोडी मी एका मापाने मोजणार नाही. चकतीची एक बाजू उजळ दाखवली असती तरी कथा तशीच राहिली असती. निरोप भूतकाळात पोहोचला नसता, तर कथाच उरली नसती. आणि माणूस परतो वा केवळ खूण उमटो, परिणाम कारणाच्या आधी घडतो तो घडतोच.

प्रतिसाद (मडगाव)

थॉर्न यांची अट अशी होती, की सिद्ध झालेला नियम मोडायचा नाही आणि कल्पना लढवायचीच तर ती विज्ञानातूनच निघालेली हवी. कृष्णविवराच्या गाभ्यात काय घडते, हे सांगणारा सिद्ध नियम आज कोणाकडेच नाही. तिथली माहिती मिळाल्याशिवाय मोठेपणी शास्त्रज्ञ झालेल्या मुलीचे गुरुत्वाकर्षणाचे समीकरण सुटत नाही, हाच तर कथेचा कणा आहे. नोलन यांनी मोकळीक घेतली ती नेमकी त्या सीमेपलीकडे, म्हणून ती मला मान्य आहे.