मदत हवी आहे : पैठण ते माहिष्मती हा प्राचीन मार्ग खानदेशात तापी कुठे ओलांडत असे?

चाळीसगाव तालुक्यातील एका शाळेसाठी मी बौद्ध धर्माचा दख्खनमधील प्रसार दाखवणारा नकाशा तयार करीत आहे. सुत्तनिपात या पाली बौद्ध ग्रंथातील पारायनवग्ग या भागात बावरी नावाच्या ब्राह्मण गुरूचे सोळा शिष्य प्रतिष्ठान (पैठण), माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा या क्रमाने उत्तरेकडे जातात. म्हणजे त्यांना खानदेश ओलांडावाच लागला असणार, परंतु त्या मजकुरात या टप्प्यातील एकही गाव येत नाही.

दक्षिणेकडील टोक मला बरेचसे स्पष्ट आहे. पितळखोऱ्याच्या लेण्यांत पैठणच्या एका गंधिकाच्या (सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या) दानाचा लेख असल्याने गौताळ्याच्या बाजूचा घाट वापरात असावा, असे मी धरले आहे. अजिंठ्याची इसवी सनापूर्वीची लेणीही नकाशावर घेतली आहेत. अडचण त्यापुढची आहे. तापीकाठचे प्रकाशे आणि गिरणाकाठचे बहाळ येथील उत्खननांतून जुनी वस्ती सिद्ध होते, पण वस्ती होती म्हणून मार्ग तेथूनच जात होता, असे म्हणता येत नाही.

जिल्ह्याचे गॅझेटियर पाहून झाले आहे. माहिष्मती म्हणजे महेश्वर असे मी मानले आहे. माहिष्मती म्हणजे मांधाता हे मतही मला ठाऊक आहे, तो वाद येथे नको. गावोगावच्या पांडवांच्या दंतकथाही नकोत (त्या आमच्याकडे भरपूर आहेत). नाणी, शिलालेख किंवा उत्खनन अहवाल असा छापील आधार मराठी, हिंदी वा इंग्रजीत असला तरी चालेल.

सातवाहनकाळात सातपुडा ओलांडण्यासाठी सेंधव्याकडील घाट वापरला जात होता की असीरगडाजवळची खिंड, आणि त्यानुसार तापीवरचा उतार (नदी ओलांडण्याची जागा) कोणत्या गावापाशी दाखवावा?