मदत हवी आहे: लॅपटॉपचे स्पीकर मुके, ड्रायव्हर दुरुस्त कसा करू? (तातडीचं)

रात्रपाळी:
परवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेट केलं आणि तेव्हापासून लॅपटॉपचे स्पीकर गप्प. हेडफोन लावला की सगळं ऐकू येतं. म्यूट नाहीये, आवाजाची पट्टी वर आहे, तेवढं मलाही कळतं. माइकही मेलाय. ड्रायव्हर गंडलाय हे उघड आहे, तो नीट कसा करायचा एवढंच सांगा. उद्या दुपारी ऑनलाइन डेमो आहे. "रीस्टार्ट करून बघा" कृपया नको.

वाळवण:
कुठलं डिस्ट्रो? कुठला लॅपटॉप? कर्नल कितवं? काहीच लिहिलं नाहीत.

रात्रपाळी:
लिनक्स आहे.

वाळवण:
कर्नल म्हणालात तेव्हाच कळलं हो ते. कुठलं?

रात्रपाळी:
फेडोरा. त्याने काय फरक पडतो?

सुसाट_सुटलो:
फरक पडतो ना! फेडोरा ३४ पासून आवाज हाताळायला पाइपवायर आलं आणि आवाजाची वाट लागली. ते काढा, आधीचं पल्सऑडिओ टाका. मी तेच केलं, आजतागायत तक्रार नाही.

चकवा:
हेडफोनला आवाज येतोय म्हणजे पाइपवायर आपलं काम करतंय. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आणि पल्सऑडिओ नवीन होतं तेव्हा लोक त्याच्याही नावाने असेच बोटं मोडायचे.

सुसाट_सुटलो:
तुम्ही वापरलंय का कधी?

चकवा:
पाइपवायर? हो, आत्ता याच मशीनवर गाणं चालू आहे.

तिसरी_घंटा:
भांडू नका, रामबाण उपाय घ्या. मोडप्रोबच्या (ड्रायव्हर लोड करणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फिग फाइलीत "डीएसपी ड्रायव्हर" या पर्यायाला १ द्या. नवीन सोफ ड्रायव्हर बाजूला होतो, जुना एचडीए ड्रायव्हर येतो. तीन मशीनवर केलंय, तिन्ही बोलायला लागली.

वाळवण:
ते इंटेलच्या मशीनवर. यांचा प्रोसेसर कुणाला माहीत आहे?

रात्रपाळी:
एएमडीचा रायझन. ६००० मालिकेतला. तिसरी_घंटा, तुमचा उपाय आधीच करून बसलो, काही झालं नाही. अजून कुणी?

दुपारची_झोप:
सरळ ब्लूटूथ इअरबड घ्या की. लॅपटॉपच्या स्पीकरवर डेमो कोण ऐकतं? माझ्याकडचे एका चार्जमध्ये दिवसभर जातात, फक्त डावा कधीकधी जोडला जात नाही. त्यावर कुणाला काही माहीत आहे का?

जुना_खिळा:
धागाकर्ते, आधी अंदाज थांबवू. दोन गोष्टी करा. एक, बूट होताना यादीतून जुनं कर्नल निवडा आणि स्पीकर बोलतात का ते सांगा. दोन, प्रॉकच्या खाली एसाउंड, त्यात कार्ड०, त्यात कोडेक (आवाजाची चिप) नावाने सुरू होणारी फाइल आहे, तिच्यातला नोड १४ चा, म्हणजे बहुधा स्पीकरच्या पिनेचा, भाग इथे टाका. "पिन डिफॉल्ट" असं लिहिलेली ओळ हवी आहे.

रात्रपाळी:
नोड १४ नाहीच त्यात. सगळं एचडीएमआय एचडीएमआय लिहिलंय.

जुना_खिळा:
मग ते ग्राफिक्सचं कार्ड. एएमडीत बहुतेक वेळा तेच शून्याला बसतं. कार्ड१ बघा.

रात्रपाळी:
सापडलं. रिअलटेक कोडेक. नोड १४, पिन डिफॉल्ट ४१११११एफ०. जुनं कर्नलही लावून बघितलं. तिथेही स्पीकर गप्प!! असं कसं होईल, जुन्यावर तर चालत होतं.

जुना_खिळा:
आता बोलता येईल. ही संख्या म्हणजे त्या पिनला काय जोडलंय याचं वर्णन. मशीन चालू होताना बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) ती भरतो आणि ड्रायव्हर त्यावर विश्वास ठेवतो. पहिलाच अंक ४ आहे, त्याचा अर्थ "इथे काही जोडलेलं नाही". आतल्या स्पीकरसाठी साधारण ९०१७०११० दिसायला हवं. म्हणजे ड्रायव्हरच्या लेखी तुमच्या लॅपटॉपला स्पीकरच नाहीत. बिचारा वाजवणार कुठे?

बायोसची ही चूक नवी नाही. म्हणून ड्रायव्हरमध्ये दुरुस्त्यांची लांबलचक यादी असते: अमुक सबसिस्टिम आयडीचं (ओळखक्रमांकाचं) मशीन दिसलं की पिना अशा समज. तुमची दुरुस्ती लागू होत नाहीये. त्याच फाइलीत वर सबसिस्टिम आयडी दिलाय तो सांगा. आणि जुनं कर्नलही गप्प, म्हणजे अपडेट निर्दोष. मग गेल्या काही दिवसांत दुसरं काय बदललं?

रात्रपाळी:
आयडीचे पहिले चार १०ईसी. बदललं काही नाही. मदरबोर्ड बदलून आणला गेल्या आठवड्यात, पण तो सेम टू सेम आहे, त्यांनीच सांगितलं.

वाळवण:
आणि हे आम्हाला आत्ता सांगताय!

चकवा:
सात कांड रामायण, रामाची सीता कोण...

रात्रपाळी:
अहो पण आणल्यावर चालत होता लॅपटॉप. हेडफोनवरच असतो मी कायम, स्पीकर परवाच लावून बघितले.

जुना_खिळा:
१०ईसी हा रिअलटेकचाच क्रमांक, लॅपटॉप कंपनीचा नव्हे. बोर्ड कोरा आलाय. बदलल्यावर त्यात मॉडेलचं नाव आणि आयडी लिहायचे असतात, ते राहिले. टर्मिनलमध्ये डीएमआयडीकोड चालवून "प्रॉडक्ट नेम" बघा.

रात्रपाळी:
"डिफॉल्ट स्ट्रिंग" असं लिहिलंय. हे काय आता?

जुना_खिळा:
तेच. तुमचा माइकही त्यानेच गेला. या पिढीच्या बऱ्याच एएमडी लॅपटॉपांत आतला डिजिटल माइक रिअलटेकवर नसतो, एएमडीच्या स्वतःच्या ऑडिओ भागावर असतो. त्याचा ड्रायव्हर मशीनचं नाव यादीशी ताडून पाहतो आणि मगच माइक उघडतो. नाव कोरं, माइक बंद.

तिसरी_घंटा:
म्हणजे माझा उपाय चुकीचा नव्हता, फक्त मशीन वेगळं होतं.

सुसाट_सुटलो:
पल्सऑडिओ टाकून बघायला काय हरकत आहे पण?

वाळवण:
पिना बदलायला एचडीएजॅकरीटास्क हे टूल वापरा. "न जोडलेल्या पिना दाखवा" वर टिक करा, १४ ला "इंटर्नल स्पीकर" द्या, "इन्स्टॉल बूट ओव्हरराइड" दाबा, रीस्टार्ट. "अप्लाय नाऊ" च्या नादी लागू नका, कार्ड व्यस्त आहे म्हणून रडतं.

रात्रपाळी:
आवाज आला!!! पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा.

जुना_खिळा:
चार स्पीकरचं मशीन असणार, दुसरी जोडी बहुधा १७ वर. पण एकेक पीन हाताने लावत बसू नका. पिनांखेरीज त्या दुरुस्तीत अँपचीही (अँप्लिफायरची) कामं असू शकतात, ती अशी येणार नाहीत. त्यापेक्षा ड्रायव्हरला थेट सांगा, "मी अमुक मशीन आहे असं समज". रिअलटेक ड्रायव्हरच्या सोर्समध्ये तुमच्या मॉडेलचं नाव शोधा, त्याच ओळीत दोन आकडे आहेत. आधीचा ओव्हरराइड काढा आणि मोडप्रोबच्या फाइलीत एसएनडी-एचडीए-इंटेल या ड्रायव्हरच्या "मॉडेल" पर्यायाला ते दोन आकडे मध्ये कोलन (:) देऊन लिहा. कर्नल फार जुनं नसेल तर चालतं.

रात्रपाळी:
इंटेल? माझं एएमडी आहे हो.

जुना_खिळा:
नाव तेवढं इंटेल. एचडी ऑडिओचं मानक त्यांनी २००४ मध्ये काढलं, ड्रायव्हरला तेच नाव चिकटलं.

रात्रपाळी:
लिहिलं. रीस्टार्ट केलं. पुन्हा मुका. आता?

चकवा:
तुम्ही ते कार्ड० ला दिलंत, म्हणजे एचडीएमआयला. पर्याय कार्डांच्या क्रमाने लागतात. आधी "ऑटो", मग स्वल्पविराम, मग आकडे.

रात्रपाळी:
बोलला! पूर्ण आवाज, खालचा सूरसुद्धा. एका स्वल्पविरामासाठी अर्धा तास. चकवा, जुना_खिळा, वाळवण, आभार. हा आयडी कर्नलवाल्यांना पाठवू का, पुढच्या माणसाला त्रास नको?

जुना_खिळा:
मुळीच नको. "डिफॉल्ट स्ट्रिंग" नावाची मशीनं ढिगाने आहेत, तुमची दुरुस्ती त्या सगळ्यांना चिकटेल आणि त्यांचे माइक-स्पीकर बिघडतील. ड्रायव्हर बरोबर आहे, बोर्ड चुकलाय. डेमो हेडसेटच्या माइकवर द्या, मग लॅपटॉप परत न्या आणि नाव-आयडी लिहून मागा. ते झालं की मोडप्रोबची ओळ काढायला विसरू नका.

रात्रपाळी:
नेतो. "सेम टू सेम" म्हणणाऱ्याला हा धागाच दाखवतो.

दुपारची_झोप:
माझ्या डाव्या इअरबडचं राहिलं.