मदत हवी आहे: उजनीच्या पाण्यातल्या देवळासमोरचा जुना फोटो पुन्हा काढायचाय

नमस्कार मंडळी,

घरात काळ्या जाड पानांचा एक जुना अल्बम आहे. त्यातले काही फोटो जिथे काढले तिथेच जाऊन, त्याच माणसांना (जी आहेत त्यांना) उभं करून पुन्हा काढायचं आम्ही भावंडांनी ठरवलंय. दिवाळीनंतर आत्याची पासष्टी आहे, तेव्हा जुना आणि नवा शेजारीशेजारी लावून तिला द्यायचे. सरप्राइज वगैरे काही नाही, तिला सगळं माहीत आहे आणि सगळ्यात जास्त उत्साह तिचाच आहे. सारसबाग, पर्वतीच्या पायऱ्या, वेरूळ हे आमचं आम्ही बघून घेऊ. गाडी अडलीय दोन फोटोंवर.

पहिला आणि मुख्य. आजीचं माहेर पळसदेव, तालुका इंदापूर. उजनी धरणात जुनं गाव गेलं, लोक वर नव्या गावठाणात आले. पळसनाथाचं जुनं देऊळ मात्र तिथेच राहिलं. पाणी उतरलं की आधी शिखर आणि मग सगळं देऊळ वर येतं, पेपरात फोटो येतात ते बहुतेकांनी पाहिले असतील. आमचा फोटो गाव उठायच्या बराच आधीचा. मागे शाईने फक्त 'शिवरात्र, पळसदेव' लिहिलंय, साल नाही. आत्याचं वय बघता १९७० च्या आसपासचा असावा. आजी हातात बेलाचं ताट घेऊन उभी, आत्या तिच्या पदराला धरून, बाबांचे डोळे मिटलेले, आणि आजोबा एका वीरगळावर (लढाईत पडलेल्या वीराच्या कोरीव स्मारकशिळेवर) हात टेकून, मळ्यातली विहीर विकत घेतल्यासारखे. मागे मंडपाचे खांब आणि तिरकं दिसणारं शिखर.

फोटो काढला आजीच्या भावाने, आग्फा क्लिक थ्रीवर. तो कॅमेरा मामाआजोबांच्या मुलाने अजून जपून ठेवलाय, केससकट.

प्रश्न असे: नेमकी कुठे उभं राहून फोटो काढला ती जागा कशी शोधायची? फोनवर काढला तर तसाच येईल का? कधी जावं? आत्याचे गुडघे फार चालू देत नाहीत, तिला देवळापर्यंत कसं न्यायचं?

दुसरा फोटो मुंबईचा, आजी-आजोबा काळ्या घोड्यासमोर. आजोबा तेव्हा फोर्टात नोकरीला होते. घोड्यावर स्वार आहे, म्हणजे खरा जुना पुतळा. आता तिथे जो घोडा आहे त्याच्यावर कोणी नाही. मग फोटो कुठे काढायचा?

जाणकारांनी कृपया सांगावं. 'एआय वापरून करून टाका' हा सल्ला नको, तो भाच्याने आधीच दिलाय.

बारा_फ्रेम

क्लिक थ्री चालू आहे? मग अर्धं काम झालंय हो ताई. त्यात १२० ची फिल्म लागते, ६ बाय ६ सेंमीच्या बारा फ्रेम बसतात. ही फिल्म आजही बनते आणि ऑनलाइन मिळते, स्वस्त मात्र नाही. १०० आयएसओची कृष्णधवल घ्या. आधी एक रोल घरीच अंगणात वाया घालवा. मागच्या झाकणातून उजेड शिरतो का, शटर अडकतं का, ते त्यातच कळेल. शटर मंद असतं, कोपर पोटाशी घट्ट दाबून धरायचं. फोकस एकच, त्यामुळे माणसं फार जवळ घेऊ नका, धूसर येतात.

तुमची प्रिंट केवढी आहे? सव्वादोन इंची चौकोनी आणि कड कातरलेली असेल तर ती बहुधा निगेटिव्हवर कागद ठेवून काढलेली काँटॅक्ट प्रिंट. तसं असेल तर फार बरं, कारण फ्रेमचा काहीच भाग कापला गेलेला नसतो. मोठी केलेली प्रिंट असेल तर स्टुडिओवाल्याने कडेचं काय उडवलं ते देवच जाणे.

फोनबद्दल: क्लिकचं भिंग ७२ मिमीच्या आसपासचं. फोनमध्ये चौकोनी फ्रेम ठेवून साधारण १.३ ते १.४ झूम केलंत की तेवढाच परिसर दिसेल. तरी जरा सैलच काढा, कडा नंतर कापता येतात.

तिपाई

झूमच्या आधी जागा. लोक इथेच घोळ घालतात. झूम करून फ्रेम भरतात, आणि जुना-नवा शेजारी ठेवल्यावर काहीतरी खटकतं पण काय ते कळत नाही.

फोटोत एक जवळची आणि एक लांबची वस्तू निवडा. तुमच्याकडे मंडपाचा खांब आणि मागचं शिखर आहे, याहून सोपं काय हवं? खांबाची डावी कड शिखराच्या कुठल्या थराला टेकते ते भिंगाखाली बघून ठेवा. जागेवर गेल्यावर डावी-उजवीकडे सरकत राहा, ती कड त्याच थराला टेकली की तुम्ही बरोबर रेषेत आलात. मग त्या रेषेवरच पुढे-मागे व्हा. जवळ गेलात की खांब भराभर मोठा होतो, शिखर तेवढं होत नाही. खांबाची उंची आणि शिखराची उंची यांचं जुन्या प्रिंटवरचं प्रमाण पट्टीने मोजून न्या, ते जमलं की तिथेच गोटा ठेवून खूण करा. हे प्रमाण कुठल्याही कॅमेऱ्यात तेच येतं, भिंगाशी त्याचा संबंध नाही.

उंचीचंही बघा. क्लिक थ्री डोळ्याला लावून बघायचा कॅमेरा आहे, म्हणजे भिंग मामाआजोबांच्या डोळ्यांच्या उंचीवर होतं. पण इतक्या वर्षांत देवळाभोवती गाळ चढला असेल तर तुम्ही उभ्या राहून काढलात की कॅमेरा वर जाईल. खांबावरच्या आडव्या पट्ट्या बघा. जुन्या फोटोत जी पट्टी सरळ आडवी दिसते ती डोळ्यांच्या पातळीवर होती. नव्या फोटोतही तीच सरळ दिसेपर्यंत खाली बसा. गुडघे टेकावे लागले तर टेकायचे.

फोटो ओएचपीच्या पारदर्शक शीटवर छापून घ्या आणि हात लांब करून देवळासमोर धरा. अर्धपारदर्शक फोटो स्क्रीनवर दाखवणारी ॲप्स आहेत, पण मेमधल्या उन्हात स्क्रीन दिसत नाही. शीट दिसते.

गाळपेर

मी इंदापूर भागातला. दोन-तीन गोष्टी.

कधी जायचं हे कॅलेंडर बघून ठरत नाही, धरण बघून ठरतं. पेपरात रोज उजनीचा टक्का येतो. तो उपयुक्त साठ्याचा टक्का असतो, उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्याच्या खाली जो मृत साठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेलं तळचं पाणी, तो ६३ टीएमसीच्या वर. त्यामुळे उजनी 'मायनस'मध्ये गेलं म्हणजे धरण कोरडं पडलं असं नाही, बाहेरच्यांचा हा गैरसमज दरवर्षी होतो. देऊळ सगळं उघडं बघायचं तर चांगलं मायनसमध्ये जावं लागतं. २०२४ ला उणे ५० च्याही खाली गेलं होतं, तेव्हा लोकांची रीघ लागली होती. उलट २०२५ ला मे संपायच्या आतच बारामती-इंदापुरात धो धो पडला आणि सगळ्यांचे बेत पाण्यात. भरल्या वर्षी नुसतं शिखर बघून यावं लागतं. तेव्हा 'यंदाच' असा हट्ट धरू नका. एप्रिलपासून आकडा बघत राहा आणि मामाआजोबांच्या मुलाला सांगून ठेवा.

चालत की होडीने, हे त्या दिवशी पाणी कुठवर आहे त्यावर. होडी मच्छीमारांची. सकाळीच जायचं आणि उन्हं चढायच्या आत परत. दुपारनंतर वळवाचं वारं सुटलं की बॅकवॉटरला लाटा उठतात, समुद्राच्या वरताण. २०२४ च्या मेमध्ये कुगावहून कळाशीला येणारी बोट अशाच वाऱ्यात उलटली, सहा माणसं गेली. लाइफ जॅकेट नसेल तर होडीत पाय ठेवायचा नाही, होडीवाला कितीही ओळखीचा असला तरी.

गाळ वरून वाळलेला दिसतो, भेगा पडलेल्या असतात, पण काठाजवळ खाली लोण्यासारखा मऊ. मांडीपर्यंत पाय जातो. शिंपले आहेत, चपला काढू नका. आत्याबाईंसाठी प्लास्टिकची हलकी खुर्ची न्या, दोघांनी खुर्चीसकट उचलून न्यायचं. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना असंच नेतात दर्शनाला.

धागाकर्ती

गाळपेर, खूप आभार. खुर्चीची आयडिया आत्याला सांगितली तर म्हणाली, 'वरात काढताय का माझी?' पण नाही म्हणाली नाही.

तिपाई, प्रिंट बघितली. सव्वादोन इंचीच आहे, कड कातरलेली. आणि खांबावर एक नक्षीची पट्टी खरंच सरळ आडवी दिसतेय, आजोबांच्या टोपीच्या जरा वर. इतकी वर्षं हा फोटो बघतेय, ती पट्टी आज दिसली.

एक उरलं. सावल्या. जुन्या फोटोत माणसांच्या सावल्या डावीकडे लांब पडल्यात. तशा जमतील का?

तिपाई

नाही जमणार. शिवरात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, तेव्हा सूर्य दक्षिणेकडे असतो. तसाच सूर्य पुन्हा मिळतो ऑक्टोबरच्या मध्यानंतर, आणि तेव्हा उजनी काठोकाठ. देऊळ उघडं पडतं त्या मे महिन्यात तुमच्याकडे शून्य सावली दिवस येतो, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. डोळ्यांच्या खोबणी काळ्या आणि सावली पायात. पाणी आणि ऊन, दोन्ही एकदम मिळायचं नाही. मी तरी पाणी धरीन आणि ऊन सोडीन. उजाडल्या उजाडल्या पोचा, गाळपेर म्हणतात तेही साधेल.

राणीबाग_वाला

काळ्या घोड्याबद्दल. सातव्या एडवर्डचा तो पुतळा १९६५ ला हलवला, म्हणजे तुमचा फोटो त्याआधीचा हे नक्की. पुतळा आता भायखळ्याला राणीच्या बागेत आहे, संग्रहालयापाशी. काळा घोडा चौकात २०१७ साली बिनस्वाराचा नवा बसवला. दोन्हीकडे काढा ना! एक पुतळ्यासाठी, एक जागेसाठी. चौकात रविवारी सकाळी लवकर जा, नाहीतर फ्रेममध्ये घोडा कमी आणि गाड्या जास्त. मागे डेव्हिड ससून वाचनालयाच्या कमानी जुन्या फोटोत दिसत असतील तर जागा त्यांवरून धरा, घोड्यावरून नको.

वेरूळला तिपाई (म्हणजे स्टँड, आयडीवाले नव्हे) चालत नाही, पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. हातात धरून काढा.

पैठणकर_सून

तांत्रिक सगळं झालं, माझा वेगळाच प्रश्न. आजी-आजोबांच्या जागी कोण उभं राहणार? आमच्याकडे असाच प्रकार केला तेव्हा धाकट्या दिराला सासऱ्यांचं धोतर-टोपी घालून उभं केलं होतं. सासूबाईंनी तो फोटो एकदा बघितला आणि कपाटात ठेवला तो ठेवलाच. विचारून घ्या आत्यांना.

बारा_फ्रेम

जागा रिकामी ठेवा असं माझं मत. बाकीचे आपापल्या जागी, मध्ये तेवढं अंतर तसंच. सरकून जवळ येऊ द्यायचं नाही कोणाला, लोक आपोआप सरकतात.

धागाकर्ती

विचारलं. आत्या म्हणते, आईच्या जागी कोणी उभं राहायचं नाही, पण ताट हवं, बेल हवा, ती स्वतः धरणार. आजोबांच्या जागेबद्दल बाबा म्हणाले की वीरगळ सापडला तर बघू. गाळपेर, देवळाजवळचे वीरगळ अजून तिथे आहेत का?

गाळपेर

वीरगळ आहेत तिथे. तुमचा त्यातला कोणता, हे फोटो बघितल्याशिवाय कसं सांगू? व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाठवा. वीरगळावर काय कोरलंय तेवढा तुकडा मोठा करून पाठवा, आजोबांचा हात जिथे आहे त्याच्या खालचा. आणि व्हॉट्सॲपवरून नको, सगळं पुसट होतं. स्कॅन करून.